काकूंचा चष्मा, काकांचं पोट आणि ते वेलनेस पॅकेज

इंदूरच्या मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर परवा परत तोच मेसेज फिरत आला. होलिस्टिक वेलनेस पॅकेज, सात दिवसांत बॉडी डिटॉक्स (म्हणजे शरीरातली घाण बाहेर), सोबत कसल्यातरी पावडरचा डबा आणि हीलिंगचं एक सेशन फ्री. खाली दोघीतिघींनी मला टॅग केलं की तू नर्सिंगमधली ना, मग तू सांग घ्यावं का. ग्रुपवर एवढं लिहिता येत नाही म्हणून इथे लिहून राहिले, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

डिटॉक्सचं आधी संपवते. लिव्हर आणि किडन्या ठीक असतील तर ते काम फुकटात चालूच आहे, आणि ठीक नसतील तर पावडर नको, डॉक्टर हवा. घरात किडनीचा पेशंट असेल तर कुठलंही "नॅचरल" चूर्ण विचारल्याशिवाय देऊ नका, प्लीज.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. होलिस्टिक म्हणजे पूर्ण माणूस बघायचा, नुसता आजार नाही, हे नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षापासून शिकवतात आणि वॉर्डात स्टाफ कमी पडला की सगळ्यात आधी तेच सुटतं. तिथे त्याला कोणी विचारत नाही, आणि बाहेर तेच नाव लावून पॅकेज खपतंय.

आता पूर्ण माणूस बघायचा म्हणजे नक्की काय करायचं, ते सांगते.

एक काकू, रामबागेतल्या, वय ऐंशीच्या पुढे, बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या रात्री काकू एकदम बावचळल्या. सलाईनची नळी ओढतायत, मुलाला ओळखत नाहीत, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणतायत. घरचे घाबरले, सून रडायला लागली की आईंच्या डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणालं झोपेचं इंजेक्शन द्या, कोणी म्हणालं हात बांधा. ह्याला डिलिरियम म्हणतात, म्हाताऱ्या माणसांत ऑपरेशननंतर खूपदा होतं, आणि त्याच्यामागे बहुतेक वेळा एक कारण नसतं, चारपाच छोटी छोटी कारणं एकत्र येतात. मी गेले तर काकूंचा चष्मा आणि कानाचं मशीन दोन्ही रुमालात बांधून ड्रॉवरमध्ये, "हरवायला नको" म्हणून! म्हणजे त्या बाईला दिसत नाही, ऐकू येत नाही, अनोळखी खोली, रात्रभर ट्यूबलाइट डोळ्यांवर, पडदे दिवसाही बंद. पोट साफ झालेलं नाही, कारण दुखण्याच्या औषधांनी बद्धकोष्ठ होतो. पाणी कोणी नीट पाजलेलं नाही, आणि लघवीची नळी अजून तशीच.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी रक्ततपासणी करून सोडियम आणि इन्फेक्शन बघितलं (हे बघावंच लागतं, नुसता चष्मा लावून मोकळं होता येत नाही), नळी काढायला सांगितली, पोटासाठी औषध दिलं. आम्ही चष्मा लावला, मशीनमध्ये नवीन सेल घातला, भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ लावलं, दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे बंद, आणि रात्री थांबायला रोज नवीन माणूस नको, धाकटी मुलगीच राहील असं ठरवलं. जादू झाली नाही. दोन रात्री अजून त्रास होता. मग एका सकाळी खाली नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत आली आणि काकू डोळे न उघडताच म्हणाल्या, "अगं गाडी आली, ओला कचरा वेगळा काढलास का?" मुलगी हसली आणि रडली पण. इंदूरची बाई ताळ्यावर आली हे ओळखायला ह्याहून पक्की टेस्ट नाही बघा.

आता ह्यात हीलिंग कुठे होतं सांगा. सगळं बघण्यात होतं.

आणि हे काही आजकालचं फॅड नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859 मध्ये नर्सिंगवर जे पुस्तक लिहिलं त्यात औषधांबद्दल फार काही नाही, हवा, उजेड, आवाज, अंथरूण, जेवण ह्याच्यावर धडेच्या धडे आहेत. पेशंटला अर्धवट ऐकू जाईल अशी खोलीत कुजबुज करण्यावर त्या भयंकर चिडतात, आणि भेटायला येऊन फुकटचा धीर अन् सल्ले देणाऱ्यांवर तर वेगळं प्रकरणच आहे. ते प्रकरण लॅमिनेट करून आपल्याकडे प्रत्येक वॉर्डाच्या दारावर लावायला पाहिजे. "आमच्या साडूंना अगदी हेच झालं होतं हो, पंधरा दिवसांत आटोपले" असं पेशंटच्या उशाशी बसून, वर त्याचीच मोसंबी सोलून खात म्हणणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत.

नंतर 1948 मध्ये डब्ल्यूएचओची घटना लागू झाली, तिच्यात आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशी संपूर्ण सुस्थिती, नुसता आजार नसणं नाही, अशी व्याख्या आहे. वाक्य छान आहे पण मला ते "संपूर्ण" नेहमी खटकतं. त्या हिशेबाने आपल्या ग्रुपवर एकही माणूस निरोगी निघणार नाही. वॉर्डात उलटं दिसतं, डायलिसिसवरचा माणूस आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेऊन बाकीचे दिवस दुकानावर मजेत बसतो, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेली बाई रात्र रात्र जागी असते. मला सिसिली साँडर्सबाई जास्त पटतात. त्या आधी नर्स, मग हॉस्पिटलात सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना सांभाळणारं ठिकाण, काढलं. त्यांचं म्हणणं, मरणाच्या दारातल्या माणसाचं दुखणं एकपदरी नसतं, शरीराचं असतं, मनाचं असतं, घराच्या काळजीचं असतं आणि "माझ्याच वाट्याला का" हे पण असतं. पण ह्याच बाईंनी मॉर्फिन वेळेवर, दुखायची वाट न बघता द्या हेही तितक्याच ठासून सांगितलं. मन सांभाळायचं म्हणून औषध सोडायचं असं नाही, हे पॅकेजवाल्यांना कोणीतरी सांगा.

आता काकांचं पोट. सुदामा नगरचे एक काका, रिटायर्ड, शुगर जुनी, इन्सुलिन चालू. शुगर कधी 320, कधी एकदम 70. डॉक्टर युनिट वाढवून राहिलेत, काका शपथेवर सांगतात की मी गोड खात नाही, आणि मुलगी पुण्याहून फोनवर ओरडते की बाबा जलेबी खात असणार. मी ड्रेसिंगला जात होते पायाच्या, पोट बघायचं कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं काका शर्ट वर करा. बेंबीच्या उजवीकडे बोटं फिरवली तर लिंबाएवढी गाठ, जाड, रबरासारखी. रोज तिथेच टोचत होते. का, तर "तिथे दुखत नाही". दुखणार कसं, एकाच जागी टोचून टोचून तिथली चरबी घट्ट होते आणि मग इन्सुलिन तिथून कधी शोषलं जातं कधी नाही, म्हणून शुगरचा झोपाळा. सुई पण तीच तीच, वाकेपर्यंत.

बरं, आधी असं नव्हतं. आधी इंजेक्शन ह्या काकांच्या घरच्या काकू द्यायच्या, आज डावीकडे, उद्या उजवीकडे, त्यांच्या डोक्यात सगळा हिशेब होता. काकू गेल्या आणि तो हिशेब पण गेला. रात्रीचं जेवणही गेलं, एकट्यासाठी कोण कुकर लावतो, इन्सुलिन घ्यायचं आणि दोन टोस्ट दुधात बुडवून खायचे. मग रात्री शुगर पडते, घाम येतो, घाबरून चार बिस्किटं खायची आणि सकाळी 300. कोणत्या लॅबच्या रिपोर्टमध्ये येणार हे?

एक महत्त्वाचं, घरी कोणाच्या पोटाला अशी गाठ सापडली तर जागा बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा, कारण चांगल्या जागी तेवढेच युनिट पूर्ण लागू होतात आणि शुगर धाडकन पडू शकते. काकांचा डोस डॉक्टरांनी आधी कमी केला. मग पोटाचे चार भाग केले, आठवड्याला एक भाग, कालनिर्णयवर पेनाने खूण. डबा लावला. शेजारचे एक भाऊ संध्याकाळी त्यांच्यासोबत जेवायला बसायला लागले, हे औषध मी लिहून दिलेलं नाही, ते आपोआप झालं. शुगर अजून पुस्तकातल्यासारखी नाही पण झोपाळा थांबला.

श्रद्धेचं पण लिहिते, नाहीतर म्हणाल सिस्टर नास्तिक झाली. हातात जपमाळ, उशीखाली खजराण्याच्या गणपतीचं फूल, काही हरकत नाही. एका चाचांना बेड असा हवा होता की तोंड पश्चिमेला होईल, बेड फिरवायला दोन मिनिटं लागतात आणि त्यानंतर ते रात्री शांत झोपले. पण ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या पेशंटला तीर्थ पाजायला निघालेल्या मावशींचा हातही मीच धरते, आणि शिव्याही खाते.

आमच्या पेशातही होलिस्टिकच्या नावाखाली काय काय शिरलंय ते लपवत नाही. अमेरिकेत नर्सिंगच्याच एका प्रोफेसरबाईंनी, डोलोरेस क्रीगर, 1970 च्या दशकात "थेरप्यूटिक टच" काढला, हात न लावता शरीराभोवतीची ऊर्जा चाचपायची आणि सरळ करायची. हजारो नर्सेस शिकल्या. मग एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीने 21 जणांची परीक्षा घेतली, मध्ये पुठ्ठा लावायचा आणि माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे ते ओळखा. बरोबर उत्तरं 44 टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी बरं. 1998 मध्ये ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं तेव्हा ती 11 वर्षांची होती. ह्याच्या उलट खिडकीचं बघा. 1984 मध्ये रॉजर उलरिक यांचा एक अभ्यास आला, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले 46 पेशंट, अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि अर्ध्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्याची कडक औषधं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण पडदा उघडायला पैसे पडत नाहीत.

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच की ताई, आमच्या पेशंटला तर सिस्टर फक्त बॉटल बदलायला आली. हो, आली असेल. रात्री एका मुलीकडे पूर्ण वॉर्ड असतो, चार कोपऱ्यांतून "सिस्टर, बोतल खतम हो गई" चालू असतं, औषधं, इंजेक्शनं, चार्ट, दोन नवीन ॲडमिशन, आणि त्यात कोणाचं तरी पाठीवर व्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. ती कधी विचारणार की आजोबा, झोप का येत नाही? बिलात बेडचं भाडं असतं, ग्लोव्हजचे पैसे असतात, दहा मिनिटं बसून बोलण्याची ओळ नसते. हॉस्पिटल निवडताना आपण मशीन कोणतं आहे विचारतो, एसी विचारतो, कँटीन विचारतो. रात्री किती पेशंटमागे एक सिस्टर असते हे काउंटरवर विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. विचारा. उत्तर द्यायला कोणी तयार नसेल तर ते पण उत्तरच आहे.

आणि तुमचं माणूस ॲडमिट केलंत तर फाईलसोबत एका कागदावर लिहून द्या, हिंदीत लिहा, सगळ्यांना वाचता येईल असं: ऐकू कोणत्या कानाने येतं, चष्मा लागतो का, कवळी आहे का, घरी झोप किती, पोट कधी साफ होतं, घरचं कुठलं चूर्ण किंवा काढा चालू आहे (लपवू नका, आम्ही रागवत नाही), कशाची भीती वाटते, आणि घरी त्यांना काय म्हणून हाक मारतात. रामबागेतल्या त्या काकूंना वॉर्डात सगळे "अम्माजी" म्हणत होते, त्या ओ देत नव्हत्या. माई म्हटल्यावर लगेच वळून बघितलं.