अ−, अ, अ+ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमची तक्रार थोडक्यात अशी: लेखाच्या डोक्यावर मी अक्षर लहानमोठं करायची आणि फॉन्ट-रंग बदलायची बटणं दिली, त्यानं पानाला सरकारी कचेरीची कळा आली, अक्षर कसं नि केवढं हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं, ज्याला दिसत नाही त्यानं दोन बोटांनी झूम करावं. शिवाय जुनी फिकट राखाडी अक्षरं परत आणा.

कळेचं मान्य. सगळी बटणं उद्या कोपऱ्यातल्या एका ‘अ’मागे जातील. बाकीच्यावर भांडतो.

झूमचं आधी. माझे मामा अमळनेरकडचे, कापूसवाले, वय सत्तरीला टेकलेलं. मे महिन्यात ओट्यावर बसून माझाच लेख वाचत होते. पान मोठं केलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर. मग पान सरकवून ओळ संपवायची, परत मागे यायचं, आणि तोवर कुठल्या ओळीवर होतो तेच विसरायचं. चार ओळींत मोबाइल माझ्या हातात कोंबला. “इतलं बारीक कोन वाचस रे?” चाळिशी नाकावर होती, बरं का! अ+ दाबलं की अक्षर वाढतं आणि ओळ पडद्याच्या आतच मोडून खाली येते. झूमनं ते होत नाही.

आता हक्काचं. ज्या सीएसएस नावाच्या भाषेनं आपण वेबपानं सजवतो, तिच्या १९९४ च्या पहिल्या प्रस्तावातच हाकॉन विउम ली यांनी लेखक आणि वाचक दोघांच्या पसंतीचा मेळ घालायचं म्हटलं होतं. १९९८ च्या सीएसएस २ मध्ये तर, दोघांनीही आपापला नियम ‘इम्पॉर्टंट’ म्हणून लिहिला तर वाचकाचा चालेल, असं ठरलं. वाचकाची स्वतःची स्टाइलशीट, म्हणजे अक्षर-रंगांच्या नियमांची यादी, लावायची सोय क्रोमनं २०१४ मध्ये काढली. तशीही ती मामांच्या कामाची नव्हतीच. म्हणून बटणं. डब्ल्यूसीएजी हे सुलभतेचे नियम सांगतात की अक्षर २०० टक्के केलं तरी मजकूर कापला जाऊ नये. मीही तिथवरच जाऊ देतो.

पण सगळं वाचकाच्या हवाली केलेलं नाही. एका ताईंनी दोन अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण मागितलं होतं. रोमनला ते चालतं. आपल्याकडे शिरोरेषा तुटते! ‘खानदेश’ लिहून पाहिलं, तर प्रत्येक अक्षर आपापला तुकडा डोक्यावर घेऊन वेगळं उभं, शब्द दात पडल्यासारखा. ते बटण नाही म्हणजे नाही. त्याऐवजी ओळींमधलं अंतर दिलंय, तेही फक्त वाढवता येतं. कारण ओळी दाटल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांत घुसतात; इंग्रजीच्या मापानं बेतलेल्या थीममध्ये हा त्रास हमखास होतो.

फॉन्ट पाच ठेवले होते, ती मात्र माझी हौस. तीन काढले. राहिले मुक्ता आणि नोटो सान्स. आणखी एक गोष्ट तुमच्या बोलण्यावरून तपासताना सापडली: मी आकार पिक्सेलमध्ये बांधून ठेवला होता, त्यामुळे ज्यांनी संगणकाच्या ब्राउझरमध्ये आधीच मोठं अक्षर निवडलंय त्यांनाही माझं पान जुमानत नव्हतं. आता रेममध्ये, म्हणजे वाचकानं ब्राउझरमध्ये निवडलेल्या अक्षराच्या पटीत, केलंय.

राखाडी अक्षरं परत येणार नाहीत. तुमच्या खोलीत ती देखणी दिसत असतील. जळगावच्या उन्हात, बसस्टँडवर उभं राहून एकदा वाचून बघा.

आणि हो, कोपऱ्यातला ‘अ’ मामांना सापडला नाही, तर बटणं पुन्हा लेखाच्या डोक्यावर येतील. तेव्हा रागावू नका.