दंड ट्रकवाल्यालाच का, कारवाले काय धुतल्या तांदळाचे?

अवजड गाड्यांनी डावी लेन सोडली की कॅमेऱ्यातून थेट ई-चलान, असं बातमीत लिहिलंय, चांगलंच आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर एका बाजूला 3 लेन आणि खोपोलीच्या पुढे घाट चढताना बघा, एक ट्रक 20 च्या स्पीडने चाललाय, त्याला दुसरा 22 ने ओव्हरटेक करतोय, तिसरा कंटेनर उजव्या लेनमध्ये, मागे आपण सगळे हॉर्न वाजवत बसायचं, खंडाळा येईपर्यंत डोकं उठतं नुसतं.

पण मी काही वर्षं टेम्पो चालवलाय म्हणून दुसरी बाजू पण सांगतो. डावी लेन मोकळी असते कुठे हो? गेल्या महिन्यात घाटात एक ट्रेलर बंद पडलेला, चाकामागे दगड लावलेला, मागे 2 झाडाच्या फांद्या टाकलेल्या, ना रिफ्लेक्टर ना दिवा, आणि क्लीनर बिचारा हातात रुमाल घेऊन गाड्यांना हात दाखवतोय. अशा वेळी मागचा लोडेड ट्रक मधल्या लेनमध्ये येणारच की, चढावर थांबला तर परत उचलताना क्लच जळतो त्याचा. त्याचंही चलान फाडणार का?

आधी बंद गाड्या लवकर उचला, क्रेन घाटातच उभी ठेवा. आणि कारवाले तरी कुठं शहाणे, उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते हे माहीतच नाही, 70 ने निवांत गप्पा मारत चाललेत, मागच्याने लाईट दिला की ह्यांनाच राग!! त्यांना पण पाठवा की चलान