‘दोन हाती तलवार बोथट केलीत’: अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

दोनच तारे दिलेत, पण का दिलेत तेही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं, की आमच्या भूमिका-खेळाच्या (प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या) दुसऱ्या आवृत्तीत आम्ही दोन हाती तलवारीला बळ देणारं ‘जबर घाव’ हे फीट, म्हणजे पात्रासाठी निवडायचं खास कौशल्य, बोथट केलं, भाल्याला उगाच डोक्यावर चढवलं, आणि खंजीर तर कुणी हातात धरावा असा ठेवलाच नाही. कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग कथा) ऐन रंगात असताना तुमच्या बार्बेरियनची, म्हणजे रानटी योद्ध्याची, सगळी बांधणी विस्कटली.

खंजिराबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. कुऱ्हाडीचा वार शेजारच्या शत्रूलाही लागतो, हातोडा समोरच्याला मागे ढकलतो. खंजिराला मात्र आम्ही फक्त ‘लपवता येतो’ एवढंच दिलं, आणि लढाई सुरू झाल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. आता एकाच फेरीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाराला इतर शस्त्रांच्या नेमातून (वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यातून) ५ आणि १० वजा होतील, तिथे खंजिराच्या नेमातून ४ आणि ८ होतील. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत चपळ शस्त्रांना हीच सवलत आहे आणि ती चांगली चालते. दुरुस्तीचं पान सगळ्या ग्राहकांना मोफत पाठवतो आहोत.

‘जबर घाव’ मात्र परत आणणार नाही. नेमातून ५ वजा, डॅमेजमध्ये १० अधिक, हा नियम आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध भूमिका-खेळाच्या २०१४ च्या नियमांवरून घेतला होता. तुमच्या बार्बेरियनचेच आकडे घ्या: नेमाच्या फाशात मिळवायचे +७, तलवार २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) अधिक ४, समोरच्याचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५. क्रिटिकल (फाशावर २० पडल्यावर बसणारे जादा घाव) बाजूला ठेवले, तर साध्या वाराची सरासरी ७.१५ आणि जबर घावाची ८.४. इथवर ठीक आहे. पण तो दर फेरीला अ‍ॅडव्हान्टेज घेतो, म्हणजे नेमाचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरतो, आणि मग जबर घाव १३.४४ वर जातो. शेजारी तेवढ्याच ताकदीचा भालेवाला एका हातात ढाल धरून लढतोय, त्याच्या वाराची सरासरी ४.८८. म्हणजे पावणेतीन पट फरक, आणि त्यातला बराचसा एका फीटमुळे! खुद्द डंजन्स अँड ड्रॅगन्सनेही २०२४ च्या नियमांत हे उणे ५, अधिक १० काढून टाकलं.

आमचं मत बदललं ते मात्र आकड्यांमुळे नाही. एका चाचणी खेळात एका मुलीने भाला-ढालवाली योद्धी बनवली होती. भाला तिच्याकडे कसा आला, याची गोष्ट शीटच्या (पात्राची माहिती लिहायच्या कागदाच्या) मागे पानभर लिहिलेली. तिसऱ्या बैठकीला तिने ‘भाला’ खोडून ‘दोन हाती तलवार’ लिहिलं. इतकं घासून खोडलं होतं की कागद विरला. मागची गोष्ट तशीच राहिली. आपल्या मनातलं पात्र खेळलं म्हणून कुणी मागे पडावं, असा खेळ आम्हाला विकायचा नाही.

याचा अर्थ सगळी शस्त्रं एकसारखी केली असा नाही. १९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कुठल्याही शस्त्राचा डॅमेज एकच डी६ होता, आणि १९७५ च्या पुरवणीतच वेगवेगळे फासे आले. आम्हालाही मागे जायचं नाही. आजही आमच्या खेळात सर्वांत मोठा घाव दोन हाती तलवारीचाच आहे. भाल्याचा फासा डी६च आहे, फक्त त्याची टोच बसली की शत्रूला त्या फेरीत जवळ येता येत नाही.

चालू कॅम्पेनचं काय करायचं हे आम्ही पुस्तकात लिहायलाच हवं होतं. राहून गेलं, माफ करा. तुमचा बार्बेरियन हे कॅम्पेन संपेपर्यंत जुनंच फीट वापरू दे, फक्त फेरीत एकदाच. खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरना दाखवता यावं म्हणून हा नियमही दुरुस्तीच्या पानावर घातला आहे. दोन-तीन बैठका असं खेळून बघा आणि कुठे अडतंय ते इथेच लिहा. आम्ही वाट बघतोय.