शिल्लक चमचे

चूक माझीच. सात वर्षांच्या मुलीला मी आकडा सांगितला.

२०२५च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितल्याची बातमी वाचली. कुठल्या खाऊत किती साखर आहे, ते मुलांना भिंतीवर दिसलं पाहिजे म्हणे. आमच्या बायची, म्हणजे लेकीची, शाळा गोवा बोर्डाची, पण म्हणून थांबायचं कशाला? फोंड्यातल्या आमच्या घरी फ्रीज आहे, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची कोरी पाठ आहे आणि रविवारची दुपार तर मोकळीच असते. लाल स्केचपेन घेऊन बसलो. थंड पेय, ३०० मिली: सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे आठ चमचे. टोमॅटो केचप, एक मोठा चमचा: साखर एक चमचा. (इथे पेन जरा थबकलं. हॉटेलात मिरचीची भजी खाताना मी केचप चमच्याने नाही, वाटीने घेतो.) सगळ्यात खाली ठळक अक्षरात लिहिलं: अमेरिकन हार्ट असोसिएशन, २०१६. दोन ते अठरा वर्षांच्या मुलांना वरची (म्हणजे पदार्थात वरून घातलेली) साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमचे.

बायने सगळं नीट वाचलं. मग विचारलं, “म्हणजे मला रोज सहा चमचे मिळणार?”

“मिळणार नाही गं. सहाच्या वर जायचं नाही.”

“हां, पण सहापर्यंत जायचं ना?”

माझी नोकरी सरकारी हिशेबाची. वरची मर्यादा आणि मंजूर निधी यांतला फरक मी गेली अठरा वर्षं लोकांना समजावतो आहे. त्यांना तो समजलेला नाही. बायला समजेल असं मला का वाटलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तिने वही घातली. दुरेघी, पाठीवर पाढे असलेली. डाव्या बाजूला पदार्थ, उजव्या बाजूला चमचे, खाली बाकी. तोवर ही मुलगी बिनसाखरेचं दूध निमूट प्यायची. आता रात्री साडेआठला, दात घासायच्या आधी, वही घेऊन दारात उभी. “पप्पा, आज चारच झाले. दोन शिल्लक आहेत.” मी म्हटलं, उत्तम, राहू देत. त्यावर ती म्हणाली, “मग ते लॅप्स होतील.” हा शब्द तिला शाळेत कुणी शिकवलेला नाही. दर मार्चमध्ये जेवायच्या ताटावर, आमटीचा भुरका मारता मारता, मीच तो रागारागाने दहादा उच्चारत असतो.

तडजोड म्हणून शिल्लक चमचे पुढच्या दिवशी ओढायची परवानगी दिली. ही माझी दुसरी चूक.

आमच्या घरात खरी साखर पाकिटातून येतच नाही, ती आईच्या हातून येते. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की आई पिशवी घेऊन फाटकाशी जाते. पोळ्या येतात. चपात्या नव्हेत, गोव्यातले पाव. बाहेरून कोंडा लागलेल्या, आतून पोकळ, अजून ऊबदार. कोंड्याची पोळी पाहून डॉक्टरलाही बरं वाटेल. आई ती फाडते, आत लोणी फासते आणि लोण्यावर साखर भुरभुरते. ती पोळी बाय चावते तेव्हा साखरेची करकर मला आंघोळीच्या खोलीत ऐकू येते. मी बाहेर येऊन निषेध नोंदवला. आई म्हणाली, “पोळीत साखर नाही रे, पोळीवर आहे.”

गुळाच्या बाबतीत तर तिच्याशी बोलणंच खुंटतं. गूळ म्हणजे साखर नव्हे, गूळ म्हणजे लोह, हा तिचा सिद्धान्त. चवथीला मणगणं गुळाचं, नेवऱ्यांतलं सारण गुळाचं, पातोळ्या गुळाच्या. तिच्या हिशेबाने आम्ही भाद्रपदात लोखंडच खात असतो. पदार्थात वरून घातलेला गूळ वरच्या साखरेतच धरतात, मधसुद्धा धरतात, असं मी सांगून पाहिलं. “मधसुद्धा?” एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मधमाश्यांवर जीएसटी लावून आलोय.

बायकोची तक्रार वेगळी. साखर पोटात गेली की पोरगी सोफ्यावरून उड्या मारते, हे तिचं पक्कं मत. मी तिला १९९४चा अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. मुलांना प्यायला दिलं ते कृत्रिम गोडीचं पेय, त्यात साखर अजिबात नाही. पण निम्म्या आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी दिसली, शिवाय त्या मुलांना टोकत, चुका काढत जवळच बसून राहिल्या. पुढच्याच वर्षी बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यांतही साखरेने मुलं उधळतात असं काही सापडलं नाही.

“झालं सांगून?” ती म्हणाली. “आता तिला पंख्यावरून खाली उतरव.”

सुपरमार्केटात जाणं तर मी बंदच केलं आहे. बाय पाकीट उलटं करून, नाकाजवळ धरून वाचते. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी लिहावं लागतं, हे मीच शिकवलेलं. परवा ती बिस्किटांच्या मांडणीपुढे उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, “पप्पा, साखर, इन्व्हर्ट सिरप आणि लिक्विड ग्लुकोज. तीन वेगवेगळ्या नावांनी एकच माणूस आत शिरलाय!” आजूबाजूच्या दोन बायकांनी हळूच आपापली पाकिटं परत ठेवली. मला अभिमान वाटला, पण जेमतेम अर्धा मिनिट. “इथे लिहिलंय, एक सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं,” ती पुढे म्हणाली. “दोन बिस्किटं कोण खातं? तुम्ही तर रात्री उभ्याउभ्या अख्खा पुडा खाता.” गल्ल्यावरच्या माणसाने माझा चेहरा लक्षात ठेवला आहे.

माघ आला. आमच्या फोंडा तालुक्यात माघ म्हणजे जत्रांची रांगच. म्हार्दोळच्या जत्रेला आम्ही चौघं गेलो. दर्शन झालं आणि पाय आपोआप खाज्यांच्या दुकानांकडे वळले. खाजं कुणी पाहिलं नसेल तर सांगतो. बेसनाची बोटाएवढी कांडी तळायची, मग आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायची, वर तीळ. गार झाली की गूळ तिच्यावर पांढरट, खडबडीत चढतो. दाताखाली आधी गूळ फुटतो, मग बेसन, आणि सगळ्यात शेवटी आलं घशात चावतं. जत्रेहून येणाऱ्याच्या हातात खाज्यांची पुडी नसेल, तर तो जत्रेला गेलाच नव्हता असं आमच्याकडे समजतात.

“पात्रांव, कितलें दिवूं? अर्दो किलो?” खाजेवाली तागडी सरसावून म्हणाली.

“पाव किलो,” मी म्हटलं आणि बायकडे वळलो. “तुला दोन कांड्या. आज सकाळी पोळी झाली आहे, दुपारी सरबत झालं आहे. तुझं खातं संपलं.”

बायने पिशवीतून वही काढली. जत्रेत वही घेऊन आली होती! मधलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्यावर नवीन खातं होतं, मथळा ‘आजी’. रोज सहा चमचे जमा, खर्च शून्य. असं सलग पंचवीस दिवस.

“आजीला डायबेटीस आहे ना,” बाय म्हणाली. “तिचे सगळे चमचे शिल्लक पडतात. एकशे पन्नास झालेत. ते तिने माझ्या नावावर केलेत.”

पानाच्या तळाशी सही होती. आईची. पेन्शनच्या कागदांवर करते तशीच, आडनावासकट.

मी आईकडे पाहिलं. ती खाज्यांच्या ढिगाकडे पाहत होती.

“आई, हे काय?”

“अरे, वाया जात होते,” आई म्हणाली. “आणि फुकट नाही हो दिलेले. दहा चमच्यांमागे एक कांडी मला, असं ठरलंय.”

खाजेवालीने तोवर अर्धा किलो तोललं होतं.