रॉम्नी हरले तेव्हा, आणि आमच्या दाजींचं मशीन

२०१२ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मी ओबामांच्या विरोधात उभ्या असलेल्या रिपब्लिकन मिट रॉम्नींना मत दिलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की हा कुणीतरी लिबरल परदेशात बसून अक्कल शिकवतोय. मी कॉन्झर्वेटिव्ह आहे. मूळचा सांगली जिल्ह्यातला, आता ओहायोत सिनसिनाटीच्या उत्तरेला राहतो. टॅक्स कमी असावा, सरकारने कर्ज काढून खर्च करू नये आणि चालत आलेल्या रीती उगाच मोडू नयेत, एवढंच माझं राजकारण. इथल्या महाराष्ट्र मंडळात हे मोठ्याने बोललं की लोक वाढलेलं ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जातात, पण ते असू दे.

विषय निघाला तो आमच्या दाजींमुळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५ तारखेला इथे अध्यक्षाची निवडणूक झाली आणि २३ तारखेला महाराष्ट्राचा निकाल लागला, त्यामुळे तो अख्खा महिना मी फोनवरच होतो. दाजी पिढीजात काँग्रेसवाले, वसंतदादांना देव मानणारे. महाविकास आघाडीच्या तिन्ही मोठ्या पक्षांचे मिळून पन्नाससुद्धा आले नाहीत आणि एकट्या भाजपचे १३२, हे काही त्यांच्या पचनी पडेना. "पाव्हणं, मशीनचा घोळ हाय ह्यो, लिहून घ्या माझ्याकडनं." मी म्हटलं दाजी, सहा महिन्यांपूर्वी लोकसभेला तुमची काँग्रेस एकावरून तेरावर गेली तेव्हाही हेच मशीन होतं की. तर म्हणाले, "तवा त्यांनी मुद्दाम सोडलं." आता यावर काय बोलणार?

पण हे सगळं ऐकताना मला सारखी २०१२ ची आठवण येत होती, कारण तेव्हा आमच्या बाजूच्या लोकांनी अगदी हेच केलं होतं.

मतदानाच्या आदल्या शुक्रवारी आमच्या इथे वेस्ट चेस्टरला रॉम्नींची सभा झाली. थंडीत एवढी गर्दी की विचारू नका, आणि ती गर्दी बघून आमच्यातले भले भले म्हणायला लागले की ओहायो आलंच. सभेच्या गर्दीवरून निकाल सांगायचा नसतो हे मराठी माणसाला तरी सांगायला नको, राज ठाकरेंच्या सभा आपण सगळ्यांनीच बघितल्यात. सर्व्हे ओबामा पुढे असल्याचं दाखवत होते, पण आमच्या बाजूच्या रेडिओवर आणि टीव्हीवर रोज एकच, की सर्व्हेवाले डेमोक्रॅट लोकांना जास्त मोजतायत. एका गृहस्थाने तर सगळे सर्व्हे घेऊन त्यातले आकडे आपल्या मनाने सरळ करून द्यायला सुरुवात केली होती आणि त्या सरळ केलेल्या आकड्यांत अर्थातच रॉम्नी जिंकत होते! हेच लोक बघत होते, हेच एकमेकांना पाठवत होते. खुद्द रॉम्नींनी मतदानाच्या दिवशी विमानात पत्रकारांना सांगितलं की मी विजयाचं भाषण लिहून काढलंय, हरल्याचं लिहिलेलं नाही.

रात्री सव्वाअकराच्या सुमारास फॉक्स न्यूजने ओहायो ओबामांना देऊन टाकलं. आमचंच चॅनेल. स्टुडिओत कार्ल रोव्ह बसलेले, धाकट्या बुश साहेबांच्या दोन्ही विजयांचे शिल्पकार, ते ऑन एअर म्हणायला लागले की घाई करताय, अजून मतं यायचीत. मग फॉक्सचीच निवेदिका मेगन केली उठली आणि कॅमेरा घेऊन कॉरिडॉरमधून चालत चालत त्या आकडेवाल्यांच्या खोलीत गेली, तुम्हाला खात्री आहे का विचारायला. खात्री होती. ते पाच-दहा मिनिटांचं दृश्य मी विसरूच शकत नाही, कारण एका बाजूला मोजणारे लोक आणि दुसऱ्या बाजूला न मानणारा माणूस, आणि मी घरी सोफ्यावर बसून मनातल्या मनात न मानणाऱ्याच्या बाजूने! शेवटी ओहायोत तीनेक टक्क्यांचा फरक पडला आणि एकूण ३३२ विरुद्ध २०६ इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांच्या वाट्याची मतं, ज्यांवर अध्यक्ष ठरतो.

रात्री एक वाजायच्या सुमारास रॉम्नी बॉस्टनच्या स्टेजवर आले. पाचेक मिनिटं बोलले असतील. ओबामांना फोन केला, अभिनंदन केलं, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. रडारड नाही, आरोप नाहीत. मला मनापासून आवडलं ते.

पण आठवडाभरातच त्यांनी त्यांना पैसे देणाऱ्या लोकांशी फोनवर बोलताना सांगितलं की ओबामांनी आपल्या मतदारांना गिफ्ट्स दिल्या म्हणून ते जिंकले. काळ्या लोकांना, हिस्पॅनिक लोकांना, तरुणांना, प्रत्येकाला काही ना काही. हे बाहेर आलं. त्याआधी निवडणुकीत ते ४७ टक्क्यांचं प्रकरण झालेलंच होतं, की इतके लोक सरकारवर अवलंबून आहेत आणि ते काही केलं तरी आपल्याला मत देणार नाहीत. म्हणजे तो एकदाच जीभ घसरल्याचा प्रकार नव्हता, मनात तेच होतं.

माझ्या घरात दोन मतं. बायकोने ओबामांना दिलं होतं. तिला काय गिफ्ट मिळाली? तिचं म्हणणं एवढंच होतं की आधीचा आजार असेल तर इन्शुरन्स कंपनीने नाही म्हणता कामा नये, आणि तो नियम २०१४ पासून लागू होणार होता, रॉम्नी तर आल्या आल्या तो ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदाच काढतो म्हणत होते. मला तो कायदा तेव्हाही महागडा वाटत होता, आजही वाटतो, जेवताना त्यावर आमची भांडणं झालीयेत. पण ज्या गोष्टीसाठी एक शिकलेली बाई विचार करून मत देते तिला तुम्ही गिफ्ट म्हणालात की तुमचं तिच्याशी बोलणंच संपलं. त्या वर्षी एक्झिट पोलमध्ये आशियाई लोकांची ७३ टक्के मतं ओबामांना होती. यात आपले डॉक्टर, मोटेलवाले, आयटीवाले सगळे आले. हे कुणाच्या फुकटाला भुलणारे लोक? बॉबी जिंदाल तेव्हा लुइझियानाचे गव्हर्नर, त्यांनी लगेच सांगितलं की हे चुकीचं आहे, मतदारांचा अपमान करून मतं मिळत नसतात, आणि जानेवारीत पक्षाच्या लोकांसमोर तर चक्क म्हणाले की मूर्खांचा पक्ष असणं बंद करा.

आता दाजींकडे येतो. मशीननंतर त्यांचा दुसरा मुद्दा लाडकी बहीण. "पंधराशेला बायका इकल्या गेल्या." मी म्हटलं ताईने फॉर्म भरलाय का? भरलाय. पैसे आले? आले. मग ताईला फोनवर घेतलं आणि विचारलं तू कुणाला दिलंस, तर म्हणाली, "तुला काय करायचंय, मी दरवेळी देते तिथंच दिलं." म्हणजे पंधराशे रुपये घेऊन मत ठरल्या जागीच! दाजी गप्प. स्वतःच्या घरात एक विकली न गेलेली बाई बसलेली असताना हा माणूस राज्यातल्या सगळ्या बायका विकल्या गेल्या म्हणून सांगत फिरत होता. योजनेवर टीका करा ना, निवडणुकीच्या तोंडावर आणली म्हणा, तिजोरीत पैसा कुठून येणार विचारा, मी तर कॉन्झर्वेटिव्ह म्हणून त्या टीकेत तुमच्या पुढे उभा राहीन. पण घेणारीला विकाऊ म्हणू नका.

आणि हे फक्त एकाच बाजूचं नाही. लोकसभेला भाजप २३ वरून ९ वर आली, धुळ्याची जागा ३८३१ मतांनी गेली, तेव्हा त्याच मतदारसंघातल्या मालेगावच्या मतदारांबद्दल व्होट जिहाद वगैरे भाषा सुरू झाली. तेही तेच, आपण का हरलो यापेक्षा त्यांनी मत का दिलं याचा राग. फरक एवढाच की तोंडाने हे चालू असताना हाताने दुसरं काम चालू होतं. फडणवीस निकालाच्या दुसऱ्या दिवशी जबाबदारी माझी म्हणाले, सरकारमधून मोकळं करा म्हणाले (कितपत मनापासून ते त्यांनाच माहीत), आणि जूनच्या बजेटमध्ये लाडकी बहीण आली. कुठे दुखलं हे त्यांना कळलं होतं एवढं नक्की.

मशीनवर शंका घ्यायलाच नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. २००९ ला हरल्यावर अडवाणींनीच ईव्हीएमवर शंका घेतली होती, भाजपच्या लोकांना हे आता आठवत नाही. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने स्वतः बॅलेटवर मतदान करून बघायचं ठरवलं तर प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं, आणि गंमत म्हणजे तिथला जिंकलेला आमदारच गावातल्या आकड्यांवर शंका घेत होता. मला विचाराल तर करू द्यायचं होतं. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या एका विधानसभेत पाचच केंद्रांच्या मोजतात, जास्त मोजा, दोन दिवस उशीर होईल, होऊ दे. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये शंभर टक्के मोजणी नाकारली पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला पैसे भरून काही मशीन तपासून घ्यायची वाट ठेवली. म्हणजे मशीनचा आरोप तपासता येतो. मतदार विकला गेला हा आरोप कसा तपासणार?

दाजींना वाटतं अमेरिकेत सगळं एकदम चोख असेल. त्यांना मी सांगितलं की इथे आपल्यासारखा निवडणूक आयोगच नाही तर त्यांचा विश्वास बसेना. प्रत्येक राज्याचं वेगळं, त्यात प्रत्येक काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, वेगळं. ओहायोत प्रत्येक काउंटीचं चार जणांचं बोर्ड असतं, दोन रिपब्लिकन दोन डेमोक्रॅट, आणि बरोबरी झाली की निर्णय देतो तो राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, जो स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो! आपल्याकडे तालुक्याचा आमदार प्रांताच्या जागी बसून मतं मोजतोय अशी कल्पना करा. काही राज्यांत मोजणी आठवडे चालते. निकाल अधिकृत व्हायच्या आधी टीव्हीवाले आणि एपी ही वृत्तसंस्था जाहीर करून मोकळे होतात. कागदावर बघितलं तर आपली व्यवस्था कितीतरी सुटसुटीत आहे.

मग हे इतकी वर्षं चाललं कसं? हरलेल्याने फोन करायचा या रीतीवर. कुठल्याही कायद्यात ते लिहिलेलं नाही. २००८ ला मॅकेन हरले तेव्हा फिनिक्समध्ये त्यांचेच लोक ओबामांचं नाव ऐकून हुर्यो करायला लागले तर हात वर करून त्यांनी त्यांना थांबवलं आणि म्हणाले अपयश माझं आहे, तुमचं नाही. थोरल्या बुशनी १९९३ ला जाताना क्लिंटनसाठी टेबलावर पत्र ठेवलं, तुमचं यश ते आता देशाचं यश, अशा अर्थाचं. १९६१ ला निक्सननी स्वतःच्या पराभवाची मतमोजणी उपाध्यक्ष म्हणून सभागृहात स्वतः पार पाडली, आणि तो काही साधू माणूस नव्हता. हे सगळे माझ्या पक्षाचे. रीत सांभाळायची हेच ज्यांचं काम, त्यांनी ती सांभाळली.

२०२० ला ट्रम्प हरले तेव्हा ती मोडली, आणि मोडली आमच्याच लोकांनी. साठाच्या वर केसेस केल्या, जवळजवळ सगळ्या हरले. जॉर्जियात कागद हाताने मोजून झाले तरी मानेनात. ॲरिझोनाच्या विधानसभेचे स्पीकर रस्टी बावर्स, कट्टर कॉन्झर्वेटिव्ह, ट्रम्पना मत दिलेला माणूस, त्यांनी निकाल फिरवायला नकार दिला तर पक्षाने त्यांनाच पुढच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, घरी बसवलं. माझ्या शेजारी एक म्हातारे राहतात, व्हिएतनामला जाऊन आलेले. २०१२ ला त्यांनी रॉम्नींची पाटी दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून काढली होती. २०२० ची पाटी बर्फ वितळेपर्यंत तिथेच होती. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलं, बर्फ मात्र दोघं मिळूनच काढतो.

दाजींनी नेमकं इथेच पकडलं. "मग तुमच्या ट्रम्पनं कुठं हार मानली? तरी आलाच की परत." बरोबर आहे. त्यात भर म्हणजे २०१२ नंतर पक्षाने शंभरेक पानांचा रिपोर्ट काढला होता, आपण का हरलो म्हणून, त्यात लिहिलेलं की स्थलांतरितांबद्दल धोरण मवाळ करा, हिस्पॅनिक लोकांपर्यंत जा. ट्रम्पनी नेमकं उलटं केलं, २०१६ ला जिंकले, आणि २०२४ ला तर हिस्पॅनिक मतंही ४० टक्क्यांच्या वर घेतली जिथे रॉम्नींना २७ मिळाली होती. त्यामुळे मोठेपणाने हरलात की पुढच्या वेळी जिंकता असा काही नियम मी दाजींना सांगू शकत नाही. २०२४ ला लोकांनी किराण्याचे भाव बघून मत दिलं असं माझं मत आहे, २०२० चं रडगाणं ऐकून नाही.

पण त्या रडगाण्याची किंमत मी बघितलीये. ५ जानेवारी २०२१ ला जॉर्जियात सिनेटच्या दोन जागांची दुसऱ्या फेरीची निवडणूक होती, त्यातली एक जरी आली असती तरी सिनेट आमच्याकडे राहत होतं. त्याआधी दोन महिने आमचेच लोक तिथल्या मतदाराला सांगत होते की इथली निवडणूक चोरीला जाते, तुमचं मत कुठे जातं कुणास ठाऊक. मग आमच्या हक्काच्या ग्रामीण भागातले बरेच जण मतदानाला आलेच नाहीत, आणि दोन्ही जागा गेल्या. दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, कॅपिटॉलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, काय झालं ते जगाने बघितलं, त्यामुळे जॉर्जियाचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

दाजींना मी म्हटलं, तुम्ही गावोगाव जाऊन सांगताय की मत मशीनमध्ये गेलं की कमळाला जातं, तर झेडपीला तुमचा माणूस रानातलं काम टाकून बटण दाबायला कशाला येईल? भाजपवाला तर येणारच आहे, त्याचा मशीनवर भरवसा आहे.

दाजी म्हणाले, आधी ऊस जाऊ द्या, मग बोलू.