भाकरीची लाज मला? ('एक सातारकर' यांना उत्तर)

व्यायाम सुरू करणाऱ्या बायकांनी आधी आपल्या ताटातलं प्रोटीन मोजावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'एक सातारकर' यांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात अशी: आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन सांगते, मग तुम्ही 1.2 कुठून आणलं? हा सगळा पावडरी खपवायचा धंदा आहे. जास्त प्रोटीननं किडनी जाते. आणि शेवटी, "बाई, तुम्हा जिमवाल्यांना भाकरी-आमटीची लाज वाटते. आमचे पैलवान भाकरी-ठेच्यावर हिंदकेसरी झाले. आधी चुलीपुढे बसायला शिका."

सातारकर, नाव सांगितलं असतंत तर नावानं बोलले असते. 'बाई' म्हणालात, हरकत नाही, आहेच मी बाई. पण ते चुलीचं वाक्य लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही? माझ्या जागी जिमवाला दादा असता तर त्याला लिहिलं असतंत असं? मतभेद असू देत की, पण बोलायची काही रीत असते. साताऱ्याची माणसं अशी बोलत नाहीत, माझं आजोळ तिकडचं आहे.

आता भाकरी-ठेच्यावरचे हिंदकेसरी. माझे वडील तालमीतले. घरची म्हैस त्यांच्या खुराकासाठीच बांधलेली. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यातल्या लाल मातीत लढती, आणि घरी आले की तांब्याभर दूध. रात्री भिजत घातलेले बदाम आई सकाळी सोलून पाट्यावर वाटायची, त्यात खसखस, बडीशेप, चार मिरे, आणि मग फडक्यातून पिळून थंडाई. जेवणात तूप वेगळं. मटणाला वार नव्हता, मिळेल तेव्हा. भाकरी होतीच, पण ती आम्हा सगळ्यांच्याच ताटात होती, पैलवान घरात एकटे वडील. कवठेपिरानचे मारुती माने किंवा तुमच्याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे, 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव, ही नावं तोंडावर फेकण्याआधी एक पैलवान पोसायला काय लागतं ते कुठल्याही तालमीत जाऊन वस्तादांना विचारा. खुराक झेपेना म्हणून लंगोट खुंटीला टांगलेली पोरं आमच्या गल्लीतही होती.

आणि तुमचं ते भाकरी-ठेच्याचं ताट? ते आमच्या घरात आईचं होतं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आमटी पुरेना, की त्यातच तांब्यातलं पाणी ओतून ती एक उकळी काढायची आणि तेवढ्यावर जेवायची. मला लाज वाटते ती त्या पाण्याची. भाकरीची नाही.

विश्रामबागेतल्या माझ्या बॅचला येणाऱ्या बायकांची ताटं आजही फार वेगळी नाहीत. तुमचाच 0.83 चा आकडा घेऊ. साठ किलोच्या बाईला दिवसाला 50 ग्रॅम लागतात. ज्वारीची एक मध्यम भाकरी साधारण 5 ग्रॅम देते, म्हणजे चार भाकऱ्यांचे 20. दोन वाट्या पातळ आमटीचे फार तर 8, वाटीभर भाताचे 3, दोन कप चहातल्या दुधाचे 3. बेरीज करा, 34. म्हणजे 1.2 राहू दे, तुमच्या आकड्यालाही ती बाई पोचत नाही. आमटी घट्ट केली, मटकीची उसळ वाढवली, चालत असतील तर दोन अंडी घेतली (त्यांचेच 12 ग्रॅम होतात), की भागतं. ज्वारीत लायसिन (प्रोटीनचा एक गरजेचा घटक) कमी असतं आणि डाळीत भरपूर, म्हणून भाकरीबरोबर पिठलं नाहीतर आमटी हवीच. हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

लेखाचं शीर्षक भडक होतं, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य. 'भाकरीनं पोट भरतं, अंग नाही' हे काहींना लागलं असेल. बदलते.

बाकीचं झटपट. 1.2 हा आकडा वजनं उचलणाऱ्यांसाठी आहे, आणि लेख त्यांच्यासाठीच होता. पावडर मी विकत नाही. आयसीएमआर आणि तिची पोषण संस्था एनआयएन यांच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रोटीन सप्लिमेंट टाळा म्हटलंय ते मीही वाचलंय, त्यावर सवडीनं बोलू. किडनी आधीच अधू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये, एवढं पुरे.

आणि मी कंदी पेढे बंद करायला सांगितले, असं जे तुम्ही ठोकून दिलंय, ते कुठल्या ओळीत आहे ते दाखवा. 'रोज नकोत' असं लिहिलं होतं.