विसरल्याचं कळतंय म्हणजे अल्झायमर नाही? कोण म्हणतं!

तो मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. पॅरिसचे प्रोफेसर ब्रूनो ड्युबुआ यांच्या नावाने फिरतोय: साठीनंतर नावं आठवेनात, चष्मा सापडेना, तरी बिनधास्त राहा, जो विसरण्याची तक्रार करतो त्याला अल्झायमर नसतो, आणि खाली तीन कोडी. आमच्या आत्याला तो भिशीच्या ग्रुपवर मिळाला आणि तिने न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट परस्पर कॅन्सल केली. म्हणून चिडून लिहितोय.

या नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ खरंच आहेत, मान्य. अल्झायमरच्या बऱ्याच पेशंटना आपलं काही बिघडलंय याची जाणीवच राहत नाही हेही मान्य, त्याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात. पण त्यावरून 'ज्याला कळतं तो पेशंट नाही' हे कुठून काढलं? सुरुवातीला कित्येकांना स्वतःलाच आधी कळतं, घरच्यांना नंतर. आत्या कित्येक वर्षं भिशीची वही ठेवते. दिवाळीनंतर एकाच बाईचा हप्ता दोनदा मांडला, मग दोन्ही खोडून तिसऱ्यांदा मांडला. आम्हाला पत्ताच नव्हता, तिनेच वही आणून दाखवली, "अरे, अक्षर माझंच आहे, पण मी हे लिहिलं कधी?"

आता आकडे. २०१४ मध्ये मिचेल नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २८ अभ्यास एकत्र करून बघितले, जवळपास ३० हजार माणसं. टेस्ट नॉर्मल पण विसरतो अशी तक्रार, अशा वयस्कर लोकांत वर्षाला साधारण २.३ टक्के जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात कॉमन प्रकार) झाला, तक्रार नसलेल्यांत १ टक्का. दुपटीहून जास्त! मेसेज बरोब्बर उलटं सांगतो. (बाकीचे ९७ टक्क्यांहून जास्त त्या वर्षी त्यातून सुटतातच, तेव्हा तक्रार आहे म्हणून लगेच हातपाय गाळू नका.)

कोडी तर कहर. ओच्या गर्दीत सी, नवांमध्ये सहा, एममध्ये एन शोधा, सापडलं की मेंदू टकाटक. अहो ही नजरेची आणि लक्षाची परीक्षा झाली, मोतीबिंदूवाले आजोबा यात उगाच नापास होणार. डॉक्टर पाच शब्द सांगतात आणि पाचेक मिनिटांनी परत विचारतात, आठवण अशी तपासतात.

आणि खरा संताप याचा की विसरण्यामागे व्हिटॅमिन बी १२ कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या असलं काहीही असू शकतं, ज्यावर इलाज होतो, पण तपासलं तर ना! आत्या जन्माची शाकाहारी, म्हणजे बी १२ कमी असण्याची शक्यता जास्तच, आणि ते एकदाही बघितलेलं नाही.

अपॉइंटमेंट परत घेतलीय, गुरुवारची. वही सोबत नेणार म्हणते.